तीन पाट्या आणि एक उबवणीचं कपाट

४ जानेवारी १९७८

आत्या,

वाकून नमस्कार केला आहे असं समज. खरं तर मी टेबलाखाली पडलेला एक स्क्रू शोधायला वाकले होते, पण त्यातच तुझाही नमस्कार उरकून घेतला.

या पत्रापाठोपाठ एक पार्सल येईल. उघडलंस की तुला वाटेल, भाचीनं कुणाचा तरी रेडिओ फोडून त्याची आतडी पाठवली आहेत. तसं नाही. तो कॉम्प्युटर आहे. मासिकात खोलीभर कपाटं आणि पांढरे कोट घातलेली माणसं बघितली असशील, तो थोरला भाऊ. हा धाकटा वहीच्या पानाएवढ्या एका हिरव्या पाटीवर मावतो. हिशेब करणारी चिप, लक्षात ठेवणारी चिप, सोळा बटणं आणि सहा लाल आकडे, सगळं त्याच पाटीवर. ती एकटी चालते. तिच्या कडेला दोन खाचा आहेत, त्यात दुसऱ्या लहान पाट्या बसतात. एक उष्णता मोजते. दुसरी हीटर आणि मोटर चालू-बंद करते. उद्या तुला आणखी काही हवं झालं, तर तेवढीच एक पाटी घ्यायची. जुनी फेकायची नाही.

आता खरी गोष्ट. ही सुट्या पाट्यांची कल्पना माझी आहे आणि आमच्या साहेबांना ती मुळीच पटलेली नाही. त्यांना सगळं एका बंद लोखंडी डब्यात हवं आहे. त्यांचं म्हणणं, सामान्य माणूस सुट्या भागांना घाबरतो. दोन वर्षं भांडल्यावर ते चाचणीला कबूल झाले. कंपनीबाहेरच्या, इंजिनियर नसलेल्या माणसानं पाट्या मार्चच्या मध्यापर्यंत रोजच्या कामाला वापरायच्या. तोवर कंपनीतल्या कुणीही त्या घरात पाऊल टाकायचं नाही. काही बिघडलं तर सुटा भाग पोस्टानं मागवायचा, माणूस नाही. शेवटी साहेब स्वतः बघायला येणार. जमलं तर माझ्या पाट्या बाजारात जातील. नाही जमलं तर डबा, आणि मी जन्मभर डब्यांची झाकणं बसवत राहणार.

तुझं अंडी उबवायचं कपाट या कामाला अगदी योग्य आहे. आणि तूही. लहानपणी माझं चित्र बघून "ही गाय आहे की पलंग?" असं विचारणारी घरात तू एकटीच होतीस. मला खोटं कौतुक नको आहे.

तुझी,
खार


१५ जानेवारी

खारूताई,

आशीर्वाद भरपूर. तुझ्या आईला सांग, मी धडधाकट आहे आणि तिनं पाठवलेला स्वेटर कोंबडीच्या मापाचा आहे.

पार्सल मिळालं. पोस्टमननं ते अंड्यांची टोपली धरावी तसं धरून आणलं, कारण वरती तू सात ठिकाणी "सांभाळून" लिहिलं होतंस. त्याला वाटलं आत काचेचा दिवाच आहे.

कपाटाच्या मागच्या वायरी आमच्या इलेक्ट्रिशियननं जोडून दिल्या. मोटरही त्यानंच दांड्याला बसवली. म्हणजे आता ट्रे आपले आपण कलतात. पंचवीस वर्षं तो दांडा मी हातानं फिरवते आहे. पहिल्यांदा तो आपोआप फिरला तेव्हा मी उगाच त्याच्या मागे धावले. पाट्या खाचेत बसवायचं काम मात्र मी कुणाला करू दिलं नाही. बसताना खट्‌ असा आवाज येतो. तो मला आवडला. उगाच दोनदा काढून पुन्हा बसवल्या.

आता तक्रारी. एक, बटणांवर नऊपर्यंत आकडे आहेत आणि पुढे एकदम इंग्रजी अक्षरं. आकडे संपले होते का? दोन, तुझी पाटी म्हणते आत एवढी उष्णता, माझा जुना थर्मामीटर म्हणतो तेवढी नाही. दोघांना समोरासमोर बसवून भांडण लावलं, तेव्हा कळलं की तुझ्या पाटीची वायर हीटरच्या अगदी नाकाशी लोंबत होती. ती मधल्या ट्रेजवळ सरकवली. आता दोघांचं एकमत आहे. तीन, तुझे लाल आकडे बघायला शेजारचा फोटोवाला रोज येतो. त्याच्या स्टुडिओच्या डार्करूममध्येही लाल दिवा असतो, म्हणून त्याला ते नात्यातले वाटतात. येतो, बसतो, चहा पितो. ही तक्रार यंत्राची नाही, पण तुझ्यामुळेच आहे.

पहिली अंडी अठरा तारखेला आत ठेवणार आहे. पिल्लं बाहेर आल्याशिवाय मी तुझ्या यंत्राला बरं म्हणणार नाही.

आत्या


२४ जानेवारी

आत्या,

तुझं पत्र मी ऑफिसात मोठ्यानं वाचलं. वायरीचं भांडण ऐकून आमचा ड्राफ्ट्समन इतका हसला की त्याचा पेन रेघेबाहेर गेला. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "बघा, वायर लोंबत होती. डब्यात लोंबली नसती."

अक्षरांचं कारण सांगते. यंत्र दहापर्यंत मोजून थांबत नाही, सोळापर्यंत जातं. त्यामुळे नऊच्या पुढे अक्षरं उसनी घेतली. तुला त्यांच्याशी कर्तव्य नाही. उष्णता किती हवी एवढंच दाबायचं. बाकी सगळं मी एका चिपमध्ये भरून दिलं आहे, वीज गेली तरी ते विसरत नाही.

माझा जीव टांगणीला लागला आहे. पिल्लं निघाली की लगेच लिही. नाही निघाली तरी लिही.

खार


१० फेब्रुवारी

खारूताई,

अक्षर बघून दचकू नकोस. माझा चष्मा फुटला आहे आणि नवा यायला वेळ लागेल, म्हणून फोटोवाला लिहितो आहे. मी सांगते तसंच लिहायचं, मधे स्वतःचं घुसडायचं नाही, असं त्याला बजावलं आहे.

(घुसडत नाही. फोटोवाला.)

हे बघ, घुसडलंच.

तर पिल्लं निघाली. परवा सकाळी चिवचिव सुरू झाली आणि संध्याकाळपर्यंत ट्रे भरून गेला. दरवेळी वाया जातात त्यापेक्षा कमी अंडी वाया गेली. तुझं यंत्र बरं आहे. हे मी म्हटलं आहे, आता पुन्हा विचारू नकोस. मधे एक दिवस मला कपाटाकडे फिरकायलाच जमलं नाही. एरवी असं झालं असतं तर आख्खी खेप गेली असती. दांडा फिरत राहिला, हीटर चालू-बंद होत राहिला, अंड्यांना मी नाही हे कळलंसुद्धा नाही. मला जरा वाईटच वाटलं.

दुसरी खेप वीस तारखेला ठेवणार आहे. तुझे साहेब येतील तेव्हा त्यांना रिकामं कपाट दिसायला नको.

आत्या

ता. क. बाईंनी पत्र वाचून सही केली. त्यानंतर पाकीट चिकटवण्याआधी मी हे लिहितो आहे. बाई बऱ्या आहेत. मी दोन्ही वेळा इकडेच असतो. काही गोष्टी लिहायच्या नाहीत असं आमचं ठरलं आहे. फोटोवाला.


२० फेब्रुवारी

आत्या,

पिल्लांची बातमी ऐकून मला आकाश ठेंगणं झालं. साहेबांच्या टेबलावर तुझं पत्र ठेवून आले. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि "हं" म्हणाले. त्यांच्या तोंडून "हं" निघणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून टाळ्या.

आता दुसरी गोष्ट. तू मला मूर्ख समजतेस का? चष्मा फुटला म्हणे. चष्मा फुटला तर सही वाचून कशी केलीस? एक दिवस कपाटाकडे फिरकली नाहीस, कुठे गेली होतीस? आणि ते "दोन्ही वेळा इकडेच असतात" आणि "काही गोष्टी लिहायच्या नाहीत असं ठरलं आहे"! मी काही म्हणत नाही. आईला तर मुळीच सांगितलेलं नाही. फक्त इतकंच विचारते, की हे तुला वाचून दाखवताना फोटोवाल्या काकांचे कान लाल झाले आहेत का?

माणसानं आपल्या मनाचं करावं. मला मनापासून आनंद झाला आहे.

साहेब मार्चच्या मध्यात येतील. तोवर पाट्या सांभाळ, आणि स्वतःलाही. तुझ्याकडे येऊन सगळं डोळ्यांनी बघावंसं वाटतं, पण अट म्हणजे अट.

खार


२ मार्च

खारूताई,

पहिल्यांदा तुझ्या आगाऊपणाचं उत्तर. तसलं काही नाही. मला या वयात दुसऱ्याचे मोजे शोधत बसायची हौस नाही. फोटोवाल्याचे कान लाल झालेत की नाही ते मी बघितलं नाही.

(थोडे झाले. फोटोवाला.)

आता वाईट बातमी. तुझी एक पाटी गेली. हीटर आणि मोटर चालवणारी. कशी गेली ते ज्यानं घालवली त्यानंच सांगावं, म्हणून आता पुढचं तो स्वतःच्या शब्दांत लिहील.

ताई, चूक माझी आहे. पिल्लांच्या पिसांचा भुगा पाटीवर बसला होता. बाई आत पडल्या होत्या. मला वाटलं, आपण पाटी स्वच्छ करून ठेवावी. आमच्या धंद्यात कशावरही धूळ बसली की एकच उपाय, वाहत्या पाण्याखाली धरायचं आणि चिमट्यानं दोरीवर टांगायचं. आयुष्यभर तेच केलं आहे. पाटी सहज निघाली. मी ती नीट धुतली, दोन कोपऱ्यांना चिमटे लावले आणि एका पासपोर्ट फोटोशेजारी वाळत घातली. वरून कोरडी दिसली म्हणून परत बसवली. आत त्या काळ्या ठोकळ्यांमध्ये पाणी राहिलं असणार. फट्‌ झालं आणि करपल्याचा वास आला.

बस झालं, आता मी सांगते. आवाज ऐकून मी आले. आधी मेन स्विच बंद केला. मेलेली पाटी उपटून काढली, मग पुन्हा चालू केला. मला वाटलं होतं सगळंच गेलं. पण लाल आकडे जसेच्या तसे. मोठी पाटी ठणठणीत, उष्णता मोजणारीही ठणठणीत. जणू शेजारी कुणी मेलंच नाही. फक्त हीटर आणि दांडा आता कुणीतरी हातानं चालवायला हवा. ती शिक्षा फोटोवाल्याला दिली आहे. तो स्टूल घेऊन बसतो, आकडे बघून हीटर चालू-बंद करतो आणि तासातासाला दांडा फिरवतो. मी खुर्चीवर बसून हुकूम सोडते. स्टुडिओला कुलूप आहे. गावात कुणाला फोटो काढायचा असेल तर तो इकडे येऊन उभा राहतो.

नवी पाटी ताबडतोब पाठव. अंडी अर्ध्या वाटेवर आहेत.

आणि खारूताई, तुझ्या परीक्षेचं आम्ही वाटोळं केलं असेल तर मला फार वाईट वाटेल. हे मी रागावून सांगते आहे, पण वाईट वाटेल.

आत्या


७ मार्च

आत्या,

नवी पाटी पोस्टात टाकली. आता हात जोडून एकच सांगणं, ही धुऊ नका. पुसूही नका. फुंकर मारा.

साहेबांना सांगावंच लागलं. लपवलं असतं तर चाचणीला अर्थ राहिला नसता. ते म्हणाले, "पाटी इतकी सहज निघते म्हणूनच कुणीतरी काढून धुतली. डबा कुणी धुतला असता का?" मला उत्तर सुचलं नाही. जिन्यात गेल्यावर सुचलं, की डब्यात पाणी गेलं असतं तर सगळंच मेलं असतं. पण जिन्यात सुचलेल्या उत्तराचा काय उपयोग?

मला फोटोवाल्या काकांचा राग आलेला नाही. त्यांना तसं नक्की सांग. मला फक्त भीती वाटते आहे. दोन वर्षं मी दुसऱ्या कशाचा विचार केलेला नाही.

आणि तू खुर्चीवर बसून हुकूम सोडतेस, हे वाचून मी चाटच पडले. तू कधीपासून खुर्चीवर बसायला लागलीस? काकांकडून तुझे फारच लाड चाललेले दिसतात.

साहेब चौदा तारखेला येत आहेत.

खार


१६ मार्च

खारूताई,

तुझे साहेब येऊन गेले. मी सगळं जसं घडलं तसं सांगते, त्यातून काय समजायचं ते तू समज. मला तर बरं लक्षण दिसलं नाही.

आधी चांगलं सांगते. नवी पाटी आली तशी मी बसवली आणि ती चालली. त्या दिवशी फोटोवाला एका लग्नाचे फोटो काढायला गेला होता, नाहीतर तो मधे आला असता. दुसरी खेप निघाली. पहिल्या खेपेइतकी नाही, पण मला तोंड लपवावं लागेल इतकी कमीही नाही.

साहेब आले. उंच, बारीक, बोलायला कंजूष. दारातच माझ्याकडे बघत उभे राहिले. मी म्हटलं आत या, तरी बघतच राहिले. मग कपाटापाशी गेले. आत बघितलं, बाहेर बघितलं, मागच्या वायरी बघितल्या. मग विचारलं, "जळालेली पाटी कुणी बदलली?" मी म्हटलं, मी. "इलेक्ट्रिशियननं?" नाही, मी. "यांनी?" फोटोवाल्याकडे बोट दाखवून. मी म्हटलं, यांनी फक्त धुतली.

मग त्यांनी मला पाटी काढून पुन्हा बसवायला सांगितलं. मी स्विच बंद करून पाटी काढली आणि बसवली. म्हणाले, "पुन्हा." पुन्हा केलं. म्हणाले, "आणखी एकदा, जरा सावकाश." मला वाटलं माझं काहीतरी चुकतं आहे. विचारलं, तर नुसती मान हलवली.

फोटोवाल्यानं धुण्याचा सगळा प्रकार स्वतःहून सांगितला, चिमट्यांसकट आणि पासपोर्ट फोटोसकट. मी त्याला डोळ्यांनी दटावत होते, पण त्याचं सुरूच. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. चहा अर्धा तसाच ठेवला. "येतो," म्हणाले आणि गेले. चांगलं नाही, वाईट नाही, काही नाही.

मला तुझं यंत्र आवडलं, खारूताई. सुरुवातीला तुझ्यासाठी वापरत होते, आता माझ्यासाठी वापरते. हे त्यांना सांगायला हवं होतं. मी नेहमीसारखी तोंडाळ बोलत राहिले आणि नेमकं तेवढंच राहून गेलं.

आत्या

(साहेब खरंच काही बोलले नाहीत. पण जाताना फाटकापाशी थांबून त्यांनी आपला उजवा हात खिशात घातला आणि डाव्या हातानं कडी लावून बघितली. मला ते विचित्र वाटलं, म्हणून कळवतो. फोटोवाला.)


२२ मार्च

आत्या,

हे पत्र मी तीन वेळा लिहायला घेतलं. दोनदा रडू आलं म्हणून आणि एकदा इतका संताप आला की कागद फाटला.

साहेब परत आले ते थेट माझ्या टेबलाशी. म्हणाले, "चाचणीसाठी तुम्ही मुद्दाम एका हाताची बाई निवडलीत?" मी विचारलं, कोण एका हाताची? म्हणाले, "तुमच्या आत्यांचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये आहे. मनगट मोडलं आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला अंगणात पाय घसरला, असं त्यांनी मला सांगितलं. तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. मला चष्मा माहीत होता.

त्या संध्याकाळी तुझी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. एक दिवस कपाटाकडे फिरकायला जमलं नाही, तो हॉस्पिटलचा दिवस. सही वाकडी होती ती चष्म्यामुळे नव्हे, डाव्या हाताची होती म्हणून. काका दोन्ही वेळा तुझ्याकडे असायचे, ते तुला जेवू घालायला. तू खुर्चीवर बसलेलीस, कारण तुला दांडा फिरवता येत नव्हता. आणि मी इकडे तुमची सोयरीक जुळवत बसले होते. तू का लपवलंस ते सांगायची गरज नाही. कळलं असतं तर मी त्याच दिवशी निघून आले असते, आणि मी दारात पाऊल टाकलं की चाचणी बाद. माझ्या पाट्यांसाठी तू मोडका हात घेऊन दीड महिना माझ्याशी खोटं बोललीस. मला याचा भयंकर राग आला आहे आणि माझा ऊर भरून आला आहे, दोन्ही एकाच वेळी. यातलं कोणतं आधी लिहावं ते कळत नाही.

आता पुढचं ऐक. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. टेबलावर नमुन्याचा लोखंडी डबा ठेवला. म्हणाले, "प्रत्येकानं उजवा हात खिशात घाला आणि याच्या आतला एक भाग बदलून दाखवा." आमच्यातल्या सर्वांत जुन्या इंजिनियरनं डबा गुडघ्यात धरला, तर स्क्रू कपाटाखाली गेले. ड्राफ्ट्समननं झाकण दातांनी उचकटायचा प्रयत्न केला. मला तर झाकणच उघडेना. मग साहेबांनी आपला उजवा हात खिशात घातला, माझ्या पाटीतली लहान पाटी डाव्या हातानं काढली आणि बसवली. खट्‌. साहेब म्हणाले, "एका बाईंनी हे माझ्यासमोर तीनदा केलं. मी पुन्हा पुन्हा करायला लावलं, कारण माझा विश्वास बसत नव्हता. डबा रद्द."

आत्या, पाट्या बाजारात जाणार आहेत. साहेबांनी कामाचा एक नवा नियमच केला आहे. यापुढे आमच्याकडची कोणतीही पाटी डाव्या हातानं बसली तरच पास. सगळा वर्कशॉप एक हात खिशात घालून काम करतो आहे आणि दिवसभर काही ना काही खाली पडतं आहे. माहितीपत्रकाचं पहिलं वाक्यही साहेबांनी स्वतः लिहिलं: "पाटी पाण्याने धुऊ नये व दोरीवर वाळत घालू नये." हे काकांना दाखव. छापून आल्यावर त्यांना एक प्रत पाठवायला साहेबांनी सांगितलं आहे.

चाचणी संपली. कंपनीच्या माणसानं तुझ्या घरात पाऊल टाकायचं नाही ही अट उठली. मी शनिवारी सकाळच्या गाडीनं येते आहे, आठ दिवसांची रजा घेऊन. यंत्राला मी हातसुद्धा लावणार नाही, ते तुझं आहे. मी तुला वेणी घालणार, तुझी भांडी घासणार आणि तू मला ओरडशील ते ऐकणार.

या पत्राला उत्तर पाठवू नकोस. काय सांगायचं ते समोर बसून सांग, आणि या वेळी खरं सांग.

तुझी,
खार